माळ्यावर सापडलेले जुने ट्रान्सफॉर्मर: ओळख, किंमत आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांनी 1986 च्या सुमारास न्यू जर्सीहून आणलेले रूप बदलणारे चार रोबो घराच्या माळ्यावर सापडले: ट्रेलरसह एक लाल ट्रक, एक पिवळी छोटी मोटार, एक निळा कॅसेट प्लेअर आणि एक मोटारसायकल. ते खरे आहेत का, त्यांचे किती येतील, साफ कसे करायचे, आणि इथून संग्रह वाढवायचा म्हटलं तर पुढे काय घ्यावं?

धुतले नसतील तर अजून धुवू नका. ज्या खोक्यात सापडले ते खोकंही झटकून कचऱ्यात टाकू नका. खोक्याच्या तळाशी, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत, माळ्याच्या फळीच्या फटीत नखाएवढे प्लास्टिकचे तुकडे असतील, ते आधी शोधा. या छंदातली बरीचशी किंमत त्या तुकड्यांतच असते. ट्रक हजारोंच्या घरी टिकले, पण त्याच्या मुठी, बंदूक, पेट्रोल पंपाची नळी हे सगळं 1987 पर्यंतच केराच्या टोपलीत गेलं. तेव्हा आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा, बाकीचं मग वाचा.

आता ही खेळणी आली कुठून ते सांगतो. ते कळलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. ट्रान्सफॉर्मर हे नाव 1984 चं, हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीचं. खेळणी मात्र त्याआधीची आणि जपानी. ताकारा कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका होत्या. एक डायाक्लोन, 1980 साली सुरू झालेली. तिच्यात रोबोला जीव नव्हता, ते यंत्र होतं आणि त्यात बसायला जेमतेम तीन सेंटिमीटरचे, पायांत लोहचुंबक असलेले चालक होते. दुसरी मायक्रो चेंज, 1974 पासून चालत आलेल्या मायक्रोमॅन मालिकेची शाखा. तिच्यातली कल्पना अशी की घरातल्या वस्तूच रोबो होतात: कॅसेट प्लेअर, पिस्तूल, खेळण्यातली मोटार. हॅस्ब्रोने दोन्हींतून निवडून माल उचलला, काहींचे रंग बदलले आणि सगळ्यांना एकाच गोष्टीत बसवलं. हा सौदा जुळवण्यात हेन्री ओरेनस्टाइन यांचा मोठा हात होता. नाझी छळछावण्यांतून वाचलेला हा माणूस पुढे अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नावारूपाला आला. पात्रांची बहुतेक नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. ऑप्टिमस प्राइम (म्हणजे तुमचा तो लाल ट्रक) हे नाव मात्र डेनिस ओ'नील यांचं.

म्हणूनच तुमचा कॅसेट प्लेअर जवळजवळ खऱ्या वॉकमनएवढा आहे, आणि ट्रकही हातात धरण्याइतकाच. कार्टूनमध्ये दोघे समोरासमोर लढतात, पण मुळात एक खेळणं खऱ्या वस्तूच्या मापाचं आणि दुसरं लहान प्रमाणातलं. डायाक्लोनमधून आलेल्या काही मोटारींचे दरवाजे उघडून पाहिलेत तर आत बसायची जागा असते. ती हॅस्ब्रोने केलेली नाही, मूळ जपानी खेळण्यातलीच आहे; तिथे बसणारा चालक मात्र मागे जपानातच राहिला.

खऱ्या-खोट्याची पहिली खूण इथेच सापडते. खेळणं उलटं करून भिंग लावा. बारीक अक्षरांत ताकाराचं नाव, जपान आणि सालं कोरलेली असतील. हे साल खेळणं बनल्याचं नव्हे, आराखड्याच्या हक्काचं. कॅसेट प्लेअरवर 1974 दिसलं म्हणून कोणी 'सत्तरच्या दशकातला दुर्मीळ माल' असं सांगून विकत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. 1974 हे मायक्रोमॅनचं साल आहे आणि 1980 हे डायाक्लोनचं. त्यामुळे ट्रकवर 1980 दिसलं तरी ते बरोबरच आहे. काही खेळण्यांवर जपानऐवजी मकाव किंवा तैवान असतं. तेही अस्सल असू शकतं, उत्पादन तिकडेही होत होतं.

दुसरी खूण म्हणजे चौकोनी, काळपट स्टिकर. 1985 पासून हॅस्ब्रोने उष्णतेला प्रतिसाद देणारं लेबल लावायला सुरुवात केली. बोटाने घासलं की त्यात ऑटोबॉट (गोष्टीतले भले रोबो) किंवा डिसेप्टिकॉन (दुष्ट रोबो) यांचं चिन्ह उमटतं. बाजारात नकला फोफावल्या होत्या, त्यावरचा हा उपाय. पण 1984 च्या पहिल्या खेपेत ते नव्हतं. म्हणून लेबल नाही एवढ्यावरून खेळणं खोटं ठरत नाही, उलट ते पहिल्या खेपेचं असू शकतं. लेबल आहे पण चिन्ह कायमचं छापलेलं दिसतं, तर मात्र जपून. ही परीक्षा भर मे महिन्यात दुपारी करू नका. खोलीच एवढी तापलेली असते की निकाल फसवा येतो.

तिसरी गोष्ट वजन आणि शिक्का. चिनी नकलांना जगभरचे संग्राहक 'केओ' म्हणतात. आता त्या इतक्या सफाईदार येतात की फोटोवरून ओळखणं कठीण. त्यांच्यात बहुधा कंपनीचा मजकूर पुसलेला असतो, अक्षरांच्या जागी गुळगुळीत सपाट पट्टी राहते. धातूचा भाग हलका लागतो, क्रोमचा रंग किंचित निळसर मारतो. शिवाय खुद्द कंपन्यांनीच काढलेल्या नव्या आवृत्त्या आहेत. 2002 मध्ये हॅस्ब्रोने ऑप्टिमस प्राइम परत काढला तेव्हा सुरक्षेच्या नियमांपायी त्याच्या धुराड्यांची लांबी कमी केली. लांब धुराडी तुटून गेलेला जुना प्राइम आणि आखूड धुराड्यांचा नवा प्राइम यांत गल्लत करू नका: तुटलेल्या टोकाला खडबडीत कड दिसते, मुळातलं आखूड टोक साच्यातून आल्यासारखं नितळ असतं. नवी आवृत्ती वाईट असते असं नाही. खेळायला तीच घ्या. फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

तुमच्या बाबतीत मात्र एक जमेची बाजू आहे. मामांनी ते त्या काळात, तिकडच्या दुकानातून घेतले. त्यांना विचारा, जुन्या अल्बममध्ये तुम्ही किंवा घरातलं कोणी हे हातात धरून उभं असलेला फोटो निघतो का. निघाला तर तो खेळण्यांसोबत ठेवा. असा पुरावा कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला जास्त पटतो.

आता एकेक पाहू.

ट्रक हा ऑप्टिमस प्राइम. मूळ डायाक्लोनमध्ये याचं नाव बॅटल कॉन्व्हॉय. पूर्ण म्हणजे काय काय हवं ते लिहून घ्या: दोन्ही सुट्या मुठी, काळी बंदूक, रोलर नावाची छोटी गाडी, ट्रेलरमधलं दुरुस्ती केंद्र, त्याची क्षेपणास्त्रं, आणि पेट्रोल भरायची नळी व तिचं टोक. मुठी ट्रक बनवताना काढून ठेवाव्या लागतात, म्हणून त्याच सगळ्यात आधी हरवतात. छातीच्या काचेला तडा आहे का, कानांच्या अँटेना शाबूत आहेत का हे पाहा. पायांच्या आतल्या बाजूची स्टिकरं बहुधा उडालेली असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. क्षेपणास्त्र उडत नाही म्हणून स्प्रिंग तुटली असं समजू नका. 1978 साली अमेरिकेत एका दुसऱ्या खेळण्याचं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं होतं, तेव्हापासून तिकडच्या कंपन्या फार सावध झाल्या. हॅस्ब्रोने जपानी खेळण्यांच्या स्प्रिंगा मुद्दाम कमजोर केल्या. जपानी डबीतलं तेच खेळणं मात्र दणदणीत उडवतं.

पिवळी मोटार फोक्सवॅगन बीटलच्या आकाराची असेल तर ती बंबलबी. हिच्यासोबत सुटं काहीच येत नव्हतं, त्यामुळे ती 'अपूर्ण' असण्याची भीती नाही. टायर रबरी आहेत ना, तेवढं बघा. पण आकार बीटलसारखा गोलसर नसून मागे चौकोनी, हॅचबॅक असेल, तर थांबा आणि फोटो काढून एखाद्या जाणकाराला दाखवा. 1984 मध्ये माझदा फॅमिलियाच्या साच्यातली एक पिवळी छोटी गाडी चुकून क्लिफजंपर या दुसऱ्याच छोट्या मोटार-रोबोच्या कार्डावर लागून विकली गेली. संग्राहकांनी तिला गमतीने बंबलजंपर म्हटलं, पुढे बंपर हे नाव पडलं. साध्या बंबलबीपेक्षा तिची मागणी बरीच जास्त आहे.

याउलट एका अफवेच्या मागे लागू नका. ब्लूस्ट्रीक नावाची मोटार डब्यावरच्या आणि जाहिरातीतल्या फोटोंत निळी दिसते, कारण तो फोटो डायाक्लोनच्या निळ्या गाडीचा होता. दुकानात आली ती चंदेरी. 'माझ्याकडे निळी होती' असं सांगणारे भेटतात. हॅस्ब्रोच्या डब्यातून निघालेल्या निळ्या गाडीचा पटण्याजोगा पुरावा मात्र माझ्या पाहण्यात नाही. कोणी तशी विकायला काढली तर डायाक्लोनची समजा आणि तसाच भाव बोला.

कॅसेट प्लेअर म्हणजे साउंडवेव्ह, चौघांतला माझा सगळ्यात आवडता. मागचं बॅटरीचं झाकण उघडा. आत पेन्सिल सेलच्या आकाराच्या दोन वस्तू निघाल्या तर आनंद माना, ती त्याची शस्त्रं आहेत! प्लेअर असताना सेल आणि रोबो झाला की बंदूक व क्षेपणास्त्र डागायचं यंत्र. इतकी सुंदर लपवणूक त्यानंतर कुठल्या खेळण्यात फारशी दिसली नाही. बहुतेक घरांत कोणीतरी झाकण उघडलं, 'जुने सेल आहेत' म्हणून टाकून दिले. आईला दोष देऊ नका. पुढे कॅसेटचं दार पाहा: बटण दाबल्यावर ते झटक्यात उघडलं पाहिजे. आत पक्षी होणारी कॅसेट असली तर ती बझसॉ. अमेरिकेत साउंडवेव्हसोबत तीच येत असे. तिची क्रोमची दोन छोटी शस्त्रं फारच चिमुकली, बोटाच्या पेरावर मावणारी. त्यांच्यासाठीच मी टॉर्चचं सांगितलं.

किमतीचं आता. मी आकडा देणार नाही. एक तर तो सहा महिन्यांत शिळा होतो, दुसरं म्हणजे फोटो न बघता भाव सांगणारा माणूस भरवशाचा नसतो. पद्धत सांगतो. लिलावाच्या संकेतस्थळांवर लोकांनी मागितलेली किंमत पाहू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडा. मागायला काय, कोणी काहीही मागतं. सीलबंद डबा, उघडलेला पण थर्मोकोल आणि कागदपत्रांसह डबा, सुटं पण पूर्ण, सुटं आणि अपूर्ण, अशी उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीला किंमत झपाट्याने घसरते. डब्याच्या मागच्या बाजूचं तांत्रिक माहितीचं कार्ड आणि ते वाचायची लाल फिल्म मिळाली तर जपून ठेवा. मुलांनी ते कार्ड आणि रोबो पॉइंट (डब्यावरची, जमवून कंपनीला पाठवायची कूपनं) कापून घेतल्यामुळे अख्ख्या डब्यांना भोकं पडलेली असतात.

अमेरिकेत एएफए नावाची संस्था खेळणी तपासून गुण देते आणि ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून पाठवते. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना ते सोयीचं असेल. मला ते पटत नाही. ज्याचं सगळं मर्म दोन रूपांत आहे त्याला एकाच रूपात कायमचं कोंडायचं, मग घ्यायचंच कशाला? सुटं, पूर्ण आणि सांधे घट्ट असलेलं खेळणं हीच माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणी खरेदी.

आता निगा. हा भाग आपल्या हवेत सगळ्यात महत्त्वाचा, आणि परदेशी संग्राहकांच्या सल्ल्यात तो नीट सापडत नाही, कारण त्यांना कोकणातला जुलै माहीत नाही.

रोबो पाण्यात बुडवू नका. आत लोखंडी पिना, स्क्रू आणि स्प्रिंगा आहेत. पाणी आत राहिलं की गंज बाहेरच्या प्लास्टिकवर तपकिरी डाग सोडतो, आणि तो डाग निघत नाही. भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, त्यात मऊ टूथब्रश बुडवून निथळवा, आणि स्टिकर टाळून पुसत जा. खाचांत कानात घालायच्या कापूस काड्या. मग पंख्याखाली उलटसुलट करून वाळवा, हेअर ड्रायर नको. क्रोम म्हणजे प्लास्टिकवरचा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. त्याला कोरडा मऊ ब्रश, बस्स. पितळ उजळायची पावडर लावलीत तर चकाकी कायमची जाईल. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना घराबाहेर ठेवा.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. जेटफायर नावाचं विमान त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. (ते मुळात ताकाराचं नाहीच. ताकातोकू कंपनीचं, मॅक्रॉस या जपानी कार्टून मालिकेतलं विमान, हॅस्ब्रोने घेतलेलं. म्हणून कार्टूनमध्ये त्याला वेगळं रूप आणि स्कायफायर हे नाव द्यावं लागलं.) हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती इंटरनेटवर फार लोकप्रिय आहे. पिवळेपणा जातो हे खरं, पण डाग डाग उठतात, स्टिकर जातात, आणि पुष्कळदा काही वर्षांत तो परत येतो. विकायच्या आधी कोणी तसं केलं असेल तर प्लास्टिक खडूसारखं निस्तेज दिसतं. माझा सल्ला, करू नका. पिवळेपणा वयाचा आहे, राहू द्या.

ठेवायची जागा: माळा नको. पत्र्याखालचा किंवा गच्चीखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात पाणवठा. बंद काचेचं कपाट, थेट ऊन नाही, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पावसाळ्यात तापवून पुन्हा कोरड्या करा. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कसर आणि वाळवीसाठी पुठ्ठ्याचे डबे भिंतीपासून हातभर दूर ठेवा. रबरी टायर दुसऱ्या खेळण्याच्या प्लास्टिकला टेकलेला ठेवू नका. रबरातलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपतं आणि समोरच्या प्लास्टिकला टायरचा ठसा कोरून ठेवतं. सेलोफेनसारख्या चिकट पीव्हीसी पिशव्यांचंही तेच.

पुढे संग्रह वाढवायचा असेल तर 1984 आणि 1985 चा माल आधी पाहा. त्यात धातू जास्त आणि घडण भक्कम. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 च्या दशकापर्यंतच्या काही खेळण्यांत सोनेरी, लहरीदार चकाकीचं प्लास्टिक वापरलं गेलं. त्यातल्या धातूच्या कणांमुळे ते इतकं ठिसूळ होतं की हात न लावता कपाटात तुटतं. सोनेरी मायाजालात सापडायचं असेल तर आधी त्या नेमक्या खेळण्याबद्दल वाचा. जपानमधून घ्यायचं झालं तर मंदाराके हे जुन्या खेळण्यांचं मोठं दुकान आहे, टोकियोच्या नाकानो ब्रॉडवेमध्ये त्यांची अनेक दालनं आहेत. तिथले विक्रेते 'जंक' म्हणतात तो मालही प्रामाणिकपणे वर्णन केलेला असतो, हा माझा अनुभव. सुट्या भागांसाठी असा जंक उत्तम.

आयात महाग पडते हे आधीच समजून चला. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. शिवाय जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा आहे, जो चाळीस वर्षं जुन्या खेळण्यावर अर्थातच नसतो. मागवण्याआधी त्या दिवसाचे नियम तपासा. मेगाट्रॉन (डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या) तर टपालाने मागवूच नका. तो वाल्थर पी-38 पिस्तुलाची हुबेहूब प्रतिकृती आहे, आणि क्ष-किरण यंत्रात ते खेळणं वाटत नाही, पिस्तूलच वाटतं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या हातसामानातही नको. त्यापेक्षा आपल्याकडेच शोधा. 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल सुरू झाली, तिचे जी. आय. जो हे सैनिक बाहुले गोव्यात बनत. ते रोबो नव्हेत, पण त्यांच्या चित्रविचित्र रंगांमुळे परदेशी संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. नातलगांच्या माळ्यावर ते निघाले तर ट्रान्सफॉर्मरच्या बदल्यात देण्यासाठी छान नाणं आहे.

राहिली मोटारसायकल. तिच्यावर कुठलंही चिन्ह नाही, तळहाताएवढी आहे आणि ताकाराऐवजी पोपी किंवा बांदाईचं नाव दिसतं असं असेल, तर ती ट्रान्सफॉर्मर नाहीच. तो गोबॉट. पोपी-बांदाईच्या 1982 च्या मशीन रोबो मालिकेतली ही खेळणी अमेरिकेत टोंका कंपनीने विकली, ट्रान्सफॉर्मर दुकानात यायच्या आधीपासून. मोटारसायकल म्हणजे बहुधा साय-किल, गोबॉटमधला मुख्य खलनायक आणि जपानी मालिकेतला पहिल्या क्रमांकाचा 'बाइक रोबो'. जपानात ही मालिका 600 येनची म्हणून ओळखली जाई. पुढे 1991 मध्ये हॅस्ब्रोने टोंकालाच विकत घेतलं. गोबॉटला अजून फारसा भाव नाही, म्हणून विकू नका. तिला सुटे भाग नाहीत, काही हरवलेलं नाही, धातू जाड आहे. चाकांच्या कण्याला गंज नसेल तर चौघांतली हीच आजही मुलाच्या हातात बिनधास्त द्यायला हरकत नाही.